सव्वीस नंबरचं कपाट: आमच्या वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह व कार्यकारी मंडळाचे सर्व सदस्य

स. न. वि. वि.

वाचनालयाचं नाव या पत्रात मी मुद्दाम घालत नाही. गावातल्या माणसाला ते पहिल्या चार ओळींत कळेल आणि बाहेरच्याला कळून काही उपयोग नाही. पत्र खुलं लिहितोय ते एवढ्यासाठी, की याआधीच्या माझ्या दोन अर्जांना पोच मिळाली, उत्तर मिळालं नाही. प्रश्न माझ्या एकट्याचा असता तर निमूट तिसरा अर्ज केला असता.

विषय असा. तळमजल्यावरच्या सव्वीस नंबरच्या कपाटातली युद्धेतिहासाची इंग्रजी पुस्तकं ‘मागणी नसल्याने’ बाद करायची आणि ती जागा अभ्यासिकेला द्यायची, असा ठराव आपण केलात. सूचना फलकावर तो लागला त्या दिवशी कपाट आधीच रिकामं झालेलं होतं. पुस्तकं सुतळीने बांधून मागच्या बोळात, पाण्याच्या टाकीशेजारी ठेवली आहेत. गठ्ठ्यांकडे पाहिलं तर एकच नाव पुन्हा पुन्हा डोळ्यांत भरतं: अँटनी बीव्हर.

ज्यांना हे नाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बीव्हर हे ब्रिटिश सैन्यातले माजी अधिकारी. सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत जॉन कीगन या इतिहासकाराच्या हाताखाली शिकले, पलटणीत काही वर्षं काढली, मग वर्दी उतरवून लिहायला बसले. क्रीटची लढाई, स्पेनचं यादवी युद्ध, नॉर्मंडी, आर्डेन, आर्नेम अशी एकेक मोहीम घेऊन त्यांनी पुस्तकं लिहिली. 2012 साली साऱ्या दुसऱ्या महायुद्धाचा जाडजूड ग्रंथ काढला, 2022 मध्ये रशियन क्रांती आणि यादवीवरचा. नाव झालं ते मात्र 1998 च्या ‘स्टालिनग्राड’ने आणि 2002 च्या ‘बर्लिन’ने. सोव्हिएत संघ कोसळल्यावर तिथले दफ्तरखाने काही वर्षं किलकिले झाले होते. त्या फटीतून आत शिरून या माणसाने कैद्यांच्या जबान्या, सैन्यातले गुप्त अहवाल, शिपायांची घरी न पोचलेली पत्रं वाचली. लष्करी इतिहासाच्या पुस्तकात नकाशे असतात आणि नकाशावर जाड बाण असतात. त्या बाणांखाली कोण सापडलं, ते बीव्हर सांगतात.

एकच उदाहरण देतो. रशियातल्या स्टालिनग्राड शहरासाठी जर्मन आणि सोव्हिएत सैन्यांत झालेली लढाई फेब्रुवारी 1943 मध्ये संपली. ढिगाऱ्यांतून जिवंत निघालेल्या नागरिकांची मोजदाद झाली, त्यात 994 मुलं होती. त्यांपैकी आईबाप परत मिळाले ते नऊ जणांना. बीव्हर हे एका वाक्यात लिहून पुढे जातात, अश्रू ढाळत बसत नाहीत. मी मात्र त्या पानावर आठवडाभर अडकून होतो.

ही पुस्तकं वाचनालयाने पैसे मोजून घेतलेली नाहीत. आपल्याच गावच्या, लष्करातून निवृत्त झालेल्या एका डॉक्टरांनी हयातीत ती देणगी दिली. समासात त्यांच्या पेन्सिलीच्या बारीक खुणा आहेत. ‘स्टालिनग्राड’मध्ये एका जर्मन शवविच्छेदकाची हकिकत येते. वेढ्यात अडकलेले जर्मन शिपाई अंगावर जखम नसताना, बोलता बोलता मरायला लागले. कारण शोधायला डॉ. गिरगेनझोन यांना विमानाने वेढ्यात उतरवलं. प्रेतं गोठून दगड झालेली. फाडण्याआधी ती ऊब देऊन सैल करावी लागत. उपासमार, थंडी, अतोनात थकवा, असं ते निदान. भूक हे कारण कागदावर यावं अशी मात्र वरच्यांची इच्छा नव्हती. त्या परिच्छेदाशेजारी आपल्या डॉक्टरांनी दोन उभ्या रेघा मारल्यात आणि खाली मराठीत एकच शब्द लिहिलाय: ‘खरंय.’ ते स्वतः कुठल्या आघाडीवर होते, त्यांनी काय पाहिलं, मला माहीत नाही. विचारायचं राहून गेलं. आता तो शब्द किलोच्या भावाने जाणार.

माझा यात संबंध काय, तेही सांगतो, म्हणजे ‘मास्तरांना रिटायर झाल्यावर उद्योग नाही’ असं म्हणणाऱ्यांची सोय होईल. माझे आजोबा मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीला गेले आणि सुखरूप परत आले. सुखरूप म्हणजे हातपाय शाबूत. आम्ही नातवंडं विचारायचो, आजोबा, इटलीत काय केलंत? ते म्हणायचे, ‘पाणी फार गार होतं.’ दरवेळी एवढंच. आम्हाला तो विनोद वाटायचा, आम्ही त्यांच्या आवाजात नकलाही करायचो. कितीतरी वर्षांनी सेनियो नदीवरच्या लढाईचं वर्णन माझ्या हाती लागलं. 9 एप्रिल 1945. नदीच्या दोन्ही काठांना उंच मातीचे बांध, बांधांत सुरुंग पेरलेले, समोरून मशिनगन. याच दिवशी शिपाई नामदेव जाधवांनी दोन जखमींना एकामागून एक त्या खोल पाण्यातून आणि निसरड्या बांधावरून पलीकडे आणलं आणि परत जाऊन मशिनगनच्या चौक्या मोडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो आपण सगळे अभिमानाने सांगतो. ते वाचताना मला नामदेव जाधवांच्या आधी आजोबा दिसले. पाणी गार होतं. त्या पाण्यातून ज्यांना कोणी बाहेर आणलं नाही त्यांच्याबद्दल ते बोलत होते की नाही, हे विचारायला आता ते नाहीत. पण न बोललेलं कसं वाचायचं हे मला सव्वीस नंबरच्या कपाटाने शिकवलं. तोवर मी तीसेक वर्षं वर्गात दुसरं महायुद्ध ‘कारणे व परिणाम’ असं शिकवत होतो.

आता तक्रारी.

पहिली पद्धतीची आहे आणि ती लवकर उरकतो. देणगीतली पुस्तकं बाद करण्यापूर्वी देणगीदाराच्या घरच्यांना दोन ओळींचं पत्र गेलं नाही. यादी फलकावर लागली नाही. वार्षिक सभेपुढे विषय आला नाही. पुस्तक फाटलं, वाळवी लागली, पानं गळाली तर ते जरूर बाद व्हावं. त्याची रीत आहे आणि दाखल नोंदवहीत तशी नोंद होते. यातलं एकही पुस्तक फाटलेलं नाही.

दुसरी ‘मागणी नाही’ या कारणाबद्दल. ते कपाट गेली काही वर्षं कुलूपबंद होतं आणि किल्ली कार्यालयात असायची. पुस्तक मागायचं तर आधी ते आहे हे कळायला हवं. संगणकावरच्या यादीत ही पुस्तकं चढवलेलीच नाहीत, मी स्वतः शोधून पाहिलं. दुकानाला टाळं लावायचं आणि गिऱ्हाईक येत नाही म्हणायचं, असा हा प्रकार झाला. ग्रंथपालबाईंना मी यात दोष देत नाही. एकट्या बाई देवघेव, वर्गणी, वर्तमानपत्रांच्या फायली आणि अनुदानाचे तक्ते सांभाळतात.

तिसरी तक्रार आपल्यापैकी एका सदस्यांच्या बोलण्याबद्दल. ते म्हणाले, ‘त्या गोऱ्यांच्या लढाया, आपल्याला काय त्यांचं?’ साहेब, आपला जिल्हा कुठला? साताऱ्याजवळचं अपशिंगे गाव नावापुढे ‘मिलिटरी’ लावतं. त्या एका गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले. गोऱ्यांच्या लढाईत मेलेली माणसं आपली होती.

डिसेंबर 1915 ते 29 एप्रिल 1916 मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत अल अमाराला जो वेढा पडला त्यात अडकलेल्या सैन्याचं नाव काय होतं? सहावी पूना डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 नंबरच्या तीन मराठा पलटणी होत्या. धान्य संपत आलं तेव्हा घोडे कापायला सुरुवात झाली. पुष्कळ हिंदी शिपायांनी धर्मापायी ते मांस शेवटच्या दिवसांपर्यंत तोंडात घातलं नाही. गावाकडे कळलं तर जातीबाहेर टाकतील, ही भीती तोफगोळ्याहून मोठी होती. हिरड्या सडल्या, अंगातलं बळ गेलं, आणि मग शरणागती. उरलेल्यांना तुर्कांनी वाळवंटातून चालवत नेलं, वाटेत आणि छावण्यांत हजारो मेले. सेनापती टाउनशेंड साहेबांना इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगला मिळाला.

पुढे बसऱ्याला मोठं स्मारक उभं राहिलं. त्यावर गोऱ्या शिपायाचं नाव आहे. साध्या हिंदी शिपायाचं नाव कोरलं नाही, पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा टाकला. राष्ट्रकुल युद्धस्मारक आयोगाने 2021 मध्ये स्वतःच्याच चौकशीचा अहवाल काढून हे कबूल केलं: किमान 1,16,000 आणि कदाचित 3,50,000 पर्यंत मृतांची, मुख्यतः पूर्व आफ्रिकी आणि इजिप्शियन माणसांची, नावानिशी आठवण ठेवलीच गेली नाही. नाव न ठेवण्याचं पाप साहेबाने केलं म्हणून आपण त्याला बोल लावतो. आपल्या वाचनालयात तरी कुठे अशी एक वही आहे, जिच्यात तालुक्यातून दोन महायुद्धांत गेलेल्यांची नावं आहेत?

अहो, आपल्या स्वतंत्र देशाच्या लढायांचं तरी काय? 1962 च्या पराभवाचा हेंडरसन ब्रूक्स–भगत अहवाल सरकारने अजून अधिकृतपणे खुला केलेला नाही. जे वाचायचं ते कुलपात आणि जे हाती आहे ते रद्दीत, मग शिपायाच्या नातवाने वाचायचं काय?

चौथी तक्रार नाजूक आहे, म्हणून कोणी उघड बोलत नाही. ‘बर्लिन’ या पुस्तकातला काही मजकूर ‘महिला व मुलींसाठी अयोग्य’ असल्याची तोंडी तक्रार एका पालकांनी केली आणि ठरावाला खरी गती तिथून मिळाली. मजकूर कसला, तर 1945 मध्ये जर्मनीत शिरलेल्या लाल सैन्याने स्त्रियांवर केलेल्या बलात्कारांचा. बर्लिनच्या दोन मोठ्या रुग्णालयांचा अंदाज एकट्या त्या शहरापुरता 95,000 ते 1,30,000 होता. बीव्हर आणखी एक गोष्ट पुढे आणतात: जर्मनांनी वेठीला धरून नेलेल्या रशियन, युक्रेनियन आणि पोलिश मुलीही त्यातून सुटल्या नाहीत. ज्यांना सोडवायला सैन्य आलं, त्याही. सूड हे कारण पुढे करणाऱ्यांची तिथे पंचाईत होते.

हे वाचवत नाही, मान्य. सहावीच्या मुलीच्या हाती मीही देणार नाही. पण हे पुस्तक बालविभागात नव्हतंच, कुलूपबंद कपाटात होतं! आणि आपल्या बाजूला तरी हे परकं कुठे आहे? 1947 ला पंजाबात काय झालं, 1971 च्या युद्धानंतर बांगलादेशात बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी ‘बीरांगना’ हा शब्द का काढावा लागला, हे ठाऊक असलेल्या माणसाने बर्लिनच्या बायकांची पानं अयोग्य म्हणावीत याचं मला नवल वाटतं.

या बाबतीत आपली संगत कोणाशी जुळते तेही बघा. ‘बर्लिन’ आलं तेव्हा लंडनमधल्या रशियन राजदूताने त्याला असत्य आणि निंदा म्हटलं. 2015 मध्ये रशियातल्या स्वेर्दलोव्हस्क प्रांताच्या शिक्षण खात्याने बीव्हर आणि त्यांचे गुरू कीगन या दोघांची पुस्तकं शाळांच्या ग्रंथालयांतून काढायला सांगितली. जानेवारी 2018 मध्ये युक्रेनने ‘स्टालिनग्राड’च्या रशियन अनुवादाची आयात अडवली. तिथे खटकला तो ऑगस्ट 1941 मधला बिला त्सेर्कवाचा प्रसंग: नव्वद ज्यू मुलं, आईबाप आधीच मारलेले, आणि त्यांना गोळ्या घालायचं काम जर्मनांनी स्थानिक युक्रेनियन मिलिशियावर ढकललं. हा मजकूर सोव्हिएत गुप्त पोलिसांच्या कागदांवरून उचललाय, असं तिथल्या अधिकाऱ्यांचं म्हणणं. बीव्हर म्हणाले, छे, तो ग्रोसकुर्ट या जर्मन अधिकाऱ्याच्या नोंदींतला आहे. त्याने ती हत्या थांबवायचा प्रयत्न केला होता. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या दोन देशांना एकच लेखक टोचतो, हे मला त्या लेखकाच्या खरेपणाचं बऱ्यापैकी प्रशस्तिपत्र वाटतं. आणि आपल्या तालुक्याच्या गावाने त्या यादीत तिसरं नाव लावावं?

बीव्हर म्हणजे वेदवाक्य, असं मी म्हणत नाही. स्टालिनग्राडला सोव्हिएतांनी आपलेच 13,500 शिपाई गोळ्या घालून मारले, हा त्यांचा आकडा इतर अभ्यासकांनी प्रश्नात घेतला आहे. साऱ्या जर्मनीतल्या पीडित स्त्रियांचा वीस लाखांचा अंदाजही तसाच वादाचा. महायुद्धावरच्या त्या जाड ग्रंथात हिंदी शिपायाला जागा इतकी थोडी, की मला राग येतो. पंचवीस लाखांचं सैन्य आणि वाट्याला आलेली पानं यांचा मेळ बसत नाही. पण मला हा राग यायला आधी ते पुस्तक हाती यावं लागलं ना!

आणि आता अभ्यासिकेबद्दल. मी अभ्यासिकेच्या विरोधात आहे असं पसरवलं जातंय, ते खोटं आहे. तिथे कोण बसतं ते मला माहीत आहे, त्यातली निम्मी पोरं माझ्या शाळेची. पहाटे साडेचारला बायपासवर सोळाशे मीटरचा सराव करतात, आठला येऊन सामान्य ज्ञानाची पुस्तकं घोकतात. अग्निवीर व्हायचंय. चार वर्षांची नोकरी, त्यातला चौथा हिस्सा कायम होणार. त्यांच्या समोरच्या भिंतीवर आपण शौर्यगाथांचं कपाट ठेवलंय, छान केलंत. परमवीरांची चरित्रं त्यांनी वाचलीच पाहिजेत, मीच ती वर्गात वाचून दाखवायचो. पण गावात ज्या पोरांना त्या दुसऱ्या कपाटाची सगळ्यात जास्त गरज आहे, त्यांनाच बसायला जागा हवी म्हणून ते कपाट आपण काढलंत. काही पोरांना इंग्रजी जड जाईल. मग एखाद्या रविवारी मी चार पानं मराठीत सांगेन, फुकट सांगेन. भरतीला जाणाऱ्या मुलाला युद्ध कशाशी खातात हे कळलं तर तो मागे फिरेल, ही भीती कोणाच्या मनात असेल तर त्याने त्या मुलाला ओळखलेलंच नाही. माझे तीन विद्यार्थी आज सैन्यात आहेत. त्यांतला एक सुट्टीवर आला की माझ्याकडून ‘स्टालिनग्राड’ मागून नेतो आणि जाताना परत देतो, दरवेळी तेच पुस्तक. काय वाचतो विचारलं तर म्हणाला, ‘सर, त्यात शिपायांनी घरी लिहिलेली पत्रं आहेत.’

मागण्या साध्या आहेत.

बोळातले गठ्ठे पावसाआधी आत आणा, आणि वार्षिक सभा होईपर्यंत एकही पुस्तक रद्दीत जाऊ देऊ नका. ठरावाने बाद केलेल्या सर्व पुस्तकांची यादी दाखल क्रमांकासह फलकावर लावा. डॉक्टरांच्या कुटुंबाला पत्र पाठवा. त्यांना पुस्तकं परत हवी असतील तर पहिला हक्क त्यांचा.

पुस्तकावर आक्षेप घ्यायचा असेल त्याने तो लेखी घ्यावा, सही करून, आणि पुस्तक पूर्ण वाचून. निर्णय एका बैठकीत होऊ नये. ग्रंथपाल, दोन वाचक सभासद आणि एखादे शिक्षक मिळून तो करोत, कारणासह. मला त्या समितीत घेऊ नका, माझं मत ठरलेलं आहे.

कपाट अभ्यासिकेतच ठेवा, शौर्यगाथांच्या शेजारी, बिनकुलपाचं. जागा कमी पडते म्हणाल, तर दर्शनी दालनातलं मोडकं शोकेस आणि त्यातले जुने करंडक आधी हलवा. त्यातले दोन मीच जिंकून दिलेले आहेत, माझी हरकत नाही.

शेवटची मागणी खर्चाची आहे, पण फार नाही. दोनशे पानांची एक वही घाला. तालुक्यातून पहिल्या महायुद्धापासून आजवर युद्धावर गेलेल्या माणसांची नावं, गाव, पलटण, परत आले की नाही, हे त्यात उतरवू. घरोघरी पेन्शनची कागदं, मनीऑर्डरच्या पावत्या, एखादं कार्ड अजून ट्रंकांमध्ये सापडतं. पहिली नोंद माझ्या आजोबांची. शनिवारी दुपारी दोन ते पाच मी वाचनालयात बसायला तयार आहे, चहा घरून आणेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक आजीव सभासद
(निवृत्त इतिहास शिक्षक)

ता. क. यादीतलं ‘बर्लिन’ गठ्ठ्यात सापडणार नाही. ठरावाच्या आधीपासून ते माझ्या नावावर आहे आणि परतीची तारीख उलटून गेली आहे. बोळात टाकायला मी ते परत करणार नाही. दंड रोज वाढू द्या, कपाट जागेवर आलं की पुस्तकासोबत रोख भरतो.